उघड्या सळयांपासून कामगारांना जपण्याची तयारी : सांगली परिसरातील लहान बांधकामांसाठी

फुटिंगचे, म्हणजे कॉलमखालच्या पायाचे काँक्रीट झाले की कॉलमच्या उभ्या सळया खड्ड्यातून वर दिसू लागतात आणि त्या दिवसापासून पुढचे काँक्रीट चढेपर्यंत त्यांची टोके उघडीच राहतात. सांगली, मिरज आणि कुपवाड भागात चालणारी बहुतेक कामे दोन-तीन मजली घरांची किंवा गाळ्यांची असतात. तेथे स्वतंत्र सुरक्षा अधिकारी नसतो आणि ही जबाबदारी साइटवरचा इंजिनिअर व मुकादम यांच्यावरच येते. पुढील यादी त्यांनी स्टीलची पहिली गाडी उतरण्यापूर्वी वाचावी, कारण सळया उभ्या राहिल्यानंतर रस्ते बदलणे, शिड्या हलवणे आणि सळयांच्या टोकांवर बसवायच्या टोप्या मागवणे ही सगळीच कामे उद्यावर ढकलली जातात.

सर्वांत आधी स्ट्रक्चरल नकाशा पुढ्यात घेऊन प्रत्येक उघड्या सळईबाबत एकच प्रश्न विचारावा : हिच्यावर कोण, कोठून पडू शकतो? 16 मिलिमीटरच्या सळईला व्यासाच्या 50 पट लॅप, म्हणजे पुढची सळई जोडण्यासाठी सोडलेली लांबी, धरला तर ती स्लॅबच्या वर 800 मिलिमीटर, म्हणजे अडीच फुटांहून थोडी अधिक उरते. शेजारून चालणारा माणूस अडखळला तर ती मांडीत किंवा पोटात शिरू शकते; परांचीवरून कोणी पडला तर ती शरीरात कोठे घुसेल, हे सांगता येत नाही. कॉलमखेरीज पाण्याच्या टाकीच्या भिंती, मातीला आधार देणाऱ्या भिंती, जिन्यासाठी सोडलेल्या सळया आणि छज्जासाठी आडव्या बाहेर काढलेल्या सळया याही नकाशावर लाल पेन्सिलीने खुणावून घ्याव्यात. आडव्या सळयांकडे विशेष दुर्लक्ष होते. त्या छातीच्या किंवा डोळ्यांच्या उंचीवर येतात आणि समोरून पाहिल्यास सळईचा फक्त एक बारीक ठिपका दिसतो.

यानंतर टोप्यांची खरेदी येते आणि सर्वाधिक गैरसमज याच ठिकाणी आहे. बाजारात मिळणारी छत्रीच्या आकाराची हलकी प्लास्टिकची टोपी ओरखडे आणि लहानसहान जखमा टाळण्यापुरतीच उपयोगाची असते. माणूस वजनानिशी पडला तर सळई त्या टोपीसह शरीरात जाते. पडणाऱ्या माणसाला वाचवायचे असेल तर आत पोलादी चकती बसवलेली, रुंद माथ्याची टोपीच घ्यावी लागते. अमेरिकेच्या नियमांनुसार, ज्या उघड्या सळयांवर कामगार पडू शकतो त्या सळई शरीरात घुसणार नाही अशा रीतीने संरक्षित कराव्याच लागतात. कॅलिफोर्निया राज्याने तर टोपीचा माथा चौकोनी असल्यास किमान 4 इंच बाजूचा आणि गोल असल्यास किमान साडेचार इंच व्यासाचा असावा, असे मापच घालून दिले आहे. आपल्याकडे खरेदी करताना हेच माप हाताशी ठेवायला हरकत नाही. विक्रेत्याकडे चाचणीचे प्रमाणपत्र मागावे, आणि दुकानातच टोपीच्या माथ्याला साधे लोहचुंबक लावून पाहावे. ते चिकटले नाही तर आत पोलाद नाही, हे तेथल्या तेथे कळते. मात्र चुंबक चिकटले म्हणजे टोपी पुरेशी मजबूत आहे असे सिद्ध होत नाही, म्हणून प्रमाणपत्राची अट सोडू नये.

टोप्यांची संख्या अंदाजाने ठरवू नये. 20 कॉलम आणि प्रत्येकी 8 सळया असतील तर एका मजल्यावर 160 टोके उघडी असतात. अशा कामावर 50 टोप्या आणून त्या इकडून तिकडे फिरवण्याचा हिशेब कागदावरच जमतो. या टोप्या पुढच्या मजल्यावर आणि पुढच्या कामावर पुन्हा वापरता येतात, तेव्हा खर्चाचे कारण फार काळ पटण्यासारखे नाही. सळईच्या व्यासाप्रमाणे टोपी घट्ट बसते ना, हेही पाहावे, कारण 10 मिलिमीटरच्या सळईवर 20 मिलिमीटरसाठीची टोपी वाऱ्यानेही निघून जाते. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या सळयांवर उलट्या खोचण्याची किंवा लाल चिंधी बांधण्याची पद्धत सर्रास दिसते. त्यामुळे सळई लांबून नजरेस पडते, हे खरे. पण पडणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ती बाटली असून नसून सारखीच.

भिंतीसारख्या एका ओळीत असलेल्या सळयांना एकेक टोपी घालण्यापेक्षा लाकडी पन्हळ उलटी बसवणे सोयीचे पडते. त्यासाठी जाड, न फुटलेली फळी माथ्यावर घेऊन तिच्या दोन्ही कडांना पट्ट्या ठोकाव्यात आणि ती सळयांना बाइंडिंग वायरने पक्की बांधावी. सेंटरिंगचा, म्हणजे काँक्रीट ओतण्याच्या साच्याचा पातळ, कुजका प्लाय येथे चालणार नाही. ठोकलेल्या खिळ्यांची टोके बाहेर राहणार नाहीत, एवढी काळजी घ्यावी. सळया वाकवून ठेवण्याचा मार्ग काही जण सुचवतात. काँक्रीटमध्ये रोवलेली सळई वाकवून पुन्हा सरळ केली तर त्या जागी ती कमकुवत होऊ शकते, त्यामुळे डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरच्या लेखी संमतीशिवाय कोणी सळईला हात लावू नये. कॉलमच्या रिंगांची आणि बाइंडिंग वायरची टोके मात्र बांधतानाच आत वळवून घेण्यास फिटरला, म्हणजे सळया बांधणाऱ्या कारागिराला सांगता येते, आणि तसे सांगावेच.

टोप्या हा शेवटचा उपाय आहे. त्याआधी माणसे सळयांजवळून जाणारच नाहीत, अशी साइटची मांडणी करावी. डोक्यावर काँक्रीटचे घमेले घेतलेल्या बाईला पायाखाली पाहता येत नाही आणि तिचा एक हात घमेल्याला लागलेला असतो, त्यामुळे तोल गेला तर सावरायला तिच्याजवळ फारसे काही उरत नाही. म्हणून मिक्सरपासून ओतकामाच्या जागेपर्यंतची वाट सळयांपासून दूर, दोन माणसे समोरासमोर सहज जातील इतकी रुंद आणि मोकळी आखावी. साडीचा काठ किंवा ओढणी वायरच्या टोकात अडकणे ही पडण्याची अगदी नेहमीची सुरुवात आहे. कमरेला पदर खोचून वर सदरा घालण्याची रीत बायकांनी स्वतःच काढलेली आहे, ठेकेदाराने तो सदरा पुरवावा. स्लॅबच्या जाळीवर चालण्यासाठी सलग फळ्या टाकाव्यात, नाहीतर पाय जाळीच्या चौकटीत जातो. कामगारांची मुले साइटवर असतील तर त्यांच्या बसण्या-खेळण्याची जागा स्टीलच्या ढिगापासून आणि खड्ड्यांपासून वेगळी, आडोसा घालून केलेली असावी.

उंचीवरील कामाच्या बाबतीत क्रम उलटा लावावा : आधी खालच्या सळया झाकाव्यात, मगच वर परांची बांधावी. शिडी कॉलमच्या सळयांलगत उभी करू नये, आणि परांचीला कठडा व पायाशी पट्टी असल्याशिवाय तिच्यावर कोणास चढू देऊ नये. सुरक्षा पट्टा बांधताना त्याची दोरी किती लांब आहे हे मोजावे. खाली तीन फुटांच्या सळया असतील तर दोरी ताणली जाईपर्यंत माणूस त्यांच्यापर्यंत पोहोचता कामा नये.

पावसाळ्यात हीच यादी अधिक कडकपणे पाळावी लागते. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत फुटिंगचे खड्डे एका जोरदार सरीने भरतात, गढूळ पाण्याखाली जाळीची वर वळवलेली टोके दिसेनाशी होतात आणि कडेची माती पायाखाली सटकते. पाणी उपसून, टोके नजरेस पडल्यावरच माणसे खड्ड्यात उतरवावीत. स्लॅबचे काम रात्रीपर्यंत लांबते, तेव्हा दिव्यांची सोय दुपारीच करून ठेवावी.

रोज सकाळी काम सुरू होण्यापूर्वी मुकादमाने एक फेरी मारून निघालेल्या टोप्या पुन्हा बसवाव्यात. सेंटरिंगवाले आणि फिटर आपापल्या कामासाठी टोप्या काढतात, त्यात गैर काही नाही, पण काढणाऱ्यानेच त्या परत लावायच्या, हा नियम पहिल्या दिवशी सांगावा. जत भागातील आणि सीमेपलीकडील अनेक कामगार कन्नड बोलतात, उत्तरेकडून आलेले फिटर हिंदी बोलतात. सूचना त्यांच्या भाषेत आणि प्रत्यक्ष सळईजवळ उभे राहून दिलेली बरी, कारण फलक वाचण्याची सवय थोड्यांनाच असते.

अपघात झालाच तर काय करायचे, हेही आधीच ठरलेले असावे. सळई शरीरात घुसली असेल तर ती कोणत्याही परिस्थितीत ओढून काढू नये. तिच्या दाबाने थांबलेला रक्तस्राव ती काढताच सुरू होऊ शकतो. जखमीला आहे त्या स्थितीत आधार द्यावा, सळई हलणार नाही अशी तिच्याभोवती स्वच्छ कापडाची जाड गुंडाळी करावी, काही खाऊ-पिऊ घालू नये आणि 108 वर फोन करून सळई आरपार आहे की नाही व तिची जाडी किती आहे, हे स्पष्ट सांगावे. सळई काँक्रीटमध्ये अडकलेली असल्यास अग्निशमन दलालाही 101 वर कळवावे. ग्राइंडरने कापताना ती तापते आणि थरथरते, म्हणून कापण्याचे काम जाणत्या माणसांवर सोडावे. सांगली आणि मिरज येथील शासकीय रुग्णालयांपैकी साइटपासून कोणते लवकर गाठता येते, हे काम सुरू होतानाच पाहून दूरध्वनी क्रमांक भिंतीवर रंगवून ठेवावेत. किरकोळ टोचले तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावे. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे मागील वर्षात 90 दिवस काम केलेल्या, 18 ते 60 वयाच्या कामगाराची नोंदणी होते. ती अपघातानंतर करण्याची गोष्ट नव्हे.

घर पूर्ण झाल्यावरही गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया तशाच राहतात. तेथे वाळवण घालणारी माणसे आणि पतंग उडवणारी पोरे वावरतात, आणि टोप्या तर ठेकेदाराबरोबर निघून गेलेल्या असतात. ताबा देण्यापूर्वी इंजिनिअरला विचारून या सळयांना गंजरोधक लेप द्यावा, त्यांच्याभोवती कच्च्या काँक्रीटचा किंवा विटांचा ठोकळा टोके बुडतील इतका उंच करावा, आणि मजला पुढे चढवायचाच नसेल तर त्या कापून टाकण्याचा निर्णय घरमालकाकडून लेखी घ्यावा.