कौलारू घरासाठी परातीचा दिवा कसा करावा

छताकडे उजेड फेकणारे झकास दिवे बेळगावच्या दुकानांत भरपूर मिळतात. स्लॅबच्या घरात ते छान दिसतात, कारण पांढरं छत उजेड खाली परत पाठवतं. पण वडगावातल्या आमच्या आत्तीच्या घरात असा दिवा लावला आणि सगळा उजेड कौलांनी, धुरकट वाशांनी गिळला. जुन्या कौलारू घरात उजेड परतवणारा पृष्ठभाग आपणच भिंतीवर न्यावा लागतो. मी त्यासाठी परात वापरली.

आधी परात निवडा. साधारण सोळा इंची, पितळी आणि शक्यतो मठारलेली घ्या. हातोडीच्या त्या बारीक खळग्यांना फार मोल आहे. गुळगुळीत चकचकीत परातीत बल्ब आरशासारखा दिसतो आणि डोळ्यांना टोचतो, तर खळग्यांवर उजेड फुटून पसरतो. नुसतं पितळ निळा रंग शोषून घेतं, म्हणून उजेड पिवळसर, सांजवातीसारखा पडतो. वाचायला बसणार असाल तर आतून कल्हई करून घ्या. कथलाच्या त्या पांढऱ्या थरावरून उजेडाचा रंग फारसा न बदलता परततो. आत्तीसाठी मी कल्हईचीच केली, तिला रात्री पोथी वाचायची असते.

परातीला भोक पाडू नका. भिंतीत तीन एल क्लॅम्प ठोकून काठ त्यांत बसवा. पावसाळ्यात आपल्याकडच्या भिंती ओल धरतात, म्हणून परातीमागे बोटभर जागा सोडा.

आता बल्ब लपवायचा. एका स्टीलच्या डब्याच्या बुडाला फॅब्रिकेशनवाल्याकडून होल्डरच्या मापाचं भोक पाडून घ्या. डबा बल्बपेक्षा रुंद हवा, आणि तोंड उघडंच ठेवायचं म्हणजे उष्णता कोंडत नाही. भिंतीवरून पुढे आलेल्या लोखंडी पट्टीला तो परातीकडे तोंड करून बसवा. डब्याच्या तोंडापासून परातीपर्यंत साधारण अर्धा फूट ठेवा. बल्ब सात ते नऊ वॅटचा एलईडी, 2700 ते 3000 केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा. याहून पांढरा नको.

वायरिंग मात्र वायरमनकडूनच करून घ्या. पट्टी आणि परात दोन्ही धातूच्या, त्यामुळे तीन पिनांचा प्लग आणि हिरव्या वायरचं अर्थिंग हवंच. यात कसूर नको.

बल्ब डोळ्यांना दिसू नये हा विचार डेन्मार्कचे दिव्यांचे रचनाकार पॉल हेनिंगसेन यांनी आयुष्यभर धरला. 1958 च्या त्यांच्या पीएच 5 दिव्यात एकावर एक पत्रे असे रचलेत की कुठूनही बघा, बल्ब थेट नजरेला येत नाही. आपली कसोटीही तीच. रात्री बाकीचे दिवे बंद करा. जमिनीवर मांडी घालून बसा, मग उंबऱ्यात उभे राहा, मग आडवे व्हा. कुठूनही बल्ब दिसला तर तो डब्यात आणखी आत ढकला. उजेड परातीच्या मधोमधच साचला तर डबा थोडा लांब न्या, तो पसरतो.

कल्हई असेल तर चिंच, राख लावू नका, ओलं फडकं पुरे. नुसत्या पितळेला पावसाळ्यात लवकर काळपटपणा येतो. महिन्यातून एकदा प्लग काढून परात उतरवा, चिंच-मिठाने घासा, आणि पूर्ण कोरडी झाल्यावरच पुन्हा चढवा. आत्ती तिची कल्हईची परात अमावस्येला पुसते, दिव्यांच्या इतर भांड्यांसोबत.