आधी कुठला काढलास?

स्नायूंच्या प्रथिनांवर काम करायचं ठरवलेली मुलं मला विचारतात, "ताई, सुरुवात कुठून करू?" मी सांगते, आधी रॅटच्या पायातले सोलियस आणि ईडीएल हे दोन स्नायू शेजारी ठेवून नुसते बघा. सोलियस गडद लाल असतो. त्यात बहुतेक टाइप १ तंतू, सावकाश आकसणारे, लवकर न थकणारे. ईडीएल फिकट, आणि त्यात झटका देणारे टाइप २ तंतू.

बडोद्यात हे काम करताना मला एक वेगळाच अभिमान वाटतो. १९५०च्या दशकात इथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात प्रा. जे. सी. जॉर्ज यांनी कबुतराच्या छातीच्या स्नायूत दोन प्रकारचे तंतू दाखवले होते: बारीक लाल तंतू चरबीवर चालणारे, जाड पांढरे ग्लायकोजेनवर. सयाजीबागेत कबुतरं उडताना दिसली की मला अजून तेच आठवतं.

आपला विषय त्याच्या पुढचा. प्रथिन तयार झाल्यावर त्याला फॉस्फेट चिकटतो (यालाच फॉस्फोरिलेशन म्हणतात), साखरेचा रेणू चिकटतो, युबिक्विटिन हे छोटं प्रथिन चिकटलं तर ते प्रथिन मोडीतही निघू शकतं. हे बदल सगळ्या तंतूंत सारखे होत नाहीत. मायोसिन म्हणजे स्नायू आकसवणारं प्रथिन; त्याच्या रेग्युलेटरी लाइट चेन या छोट्या भागावर फॉस्फेट चढवणारं एन्झाइम फास्ट, म्हणजे टाइप २ तंतूंत जास्त असतं, म्हणून जोराच्या आकुंचनानंतर तिथे फॉस्फोरिलेशन भराभर वाढतं आणि पुढचा झटका अधिक ताकदीचा येतो. माझा भाऊ इथल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लखांबाला जायचा, तेव्हा म्हणायचा, "अंग गरम झालं की पकड बसते." त्यामागे इतरही कारणं आहेत, पण त्यातलं एक हे असावं असं मला वाटतं.

आता माझी चूक सांगते, कारण ती तुमच्या हातून होऊ नये. पहिल्या वर्षी माझ्या ब्लॉटवर (जेलमधली प्रथिनं उतरवून घेतलेल्या मेम्ब्रेनवर) ईडीएलचा फॉस्फो-बँड, म्हणजे फॉस्फेट चिकटलेल्या प्रथिनाचा पट्टा, ठसठशीत आणि सोलियसचा फिकट यायचा. सलग सहा प्राण्यांत तेच. मी खूश होते. गाइडनी ब्लॉट उजेडात धरला आणि एवढंच विचारलं, "आधी कुठला काढलास?" मी दर वेळी ईडीएल आधी काढत होते. सोलियस गोठवायला द्रव नायट्रोजनमध्ये जाईपर्यंत चार-पाच मिनिटं जायची, आणि तेवढ्यात फॉस्फटेज, म्हणजे फॉस्फेट काढून टाकणारी एन्झाइम, आपलं काम करून टाकतात. क्रम उलटा केला, तर फरक निम्म्याहून कमी झाला. ते सहा प्राणी वाया गेले, आणि नीतिमत्ता समितीला दिलेल्या अर्जातला त्यांचा आकडा मी आजही विसरले नाही.

तेव्हापासून मी वहीत वेळ लिहिते, सेकंदांसकट. एक पाय आधी ईडीएल, दुसरा पाय आधी सोलियस. स्नायू चिमट्यात दाबायचा नाही, कंडरा धरून उचलायचा. ओढाताणीनेही तो आकसतो आणि फॉस्फोरिलेशन वाढतं.

ब्लॉट ब्लॉक करायला, म्हणजे मेम्ब्रेनवरच्या रिकाम्या जागा झाकायला, दुधाची पावडर नको, बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घ्या. दुधातलं केसिन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे, त्याने पार्श्वभूमी खराब होऊ शकते. फॉस्टॅग जेल (फॉस्फेट चिकटलेली प्रथिनं मागे रोखून वेगळी करणारं) वापरणार असाल तर सॅम्पलमध्ये ईडीटीए (धातूचे आयन पकडून ठेवणारं रसायन) टाकू नका, आणि ट्रान्सफरआधी मात्र जेल ईडीटीएच्या बफरमध्ये धुवा, नाहीतर प्रथिनं मेम्ब्रेनवर नीट उतरत नाहीत. हे मी सिनियरकडून तोंडी शिकले.

माणसाच्या मांडीचा नमुना असेल तर अडचण वेगळी. तिथे दोन्ही प्रकारचे तंतू एकत्र विणलेले असतात, त्यामुळे सगळा नमुना कुटून एकत्र केला की सरासरीच हाती लागते. म्हणून वाळवलेल्या नमुन्यातून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक तंतू सोडवायचा आणि आधी त्याची मायोसिनवरून ओळख पटवायची. पहिल्या दिवशी माझे नीट सुटलेले तंतू होते अकरा. संध्याकाळी आई म्हणाली, "डोळे किती लाल झालेत गं!" दुसऱ्या दिवशी तेवीस सुटले.