माळावर गवत परत आणायचंय? आधी माती बघा, मग बी

पुरंदर, बारामती, दौंड पट्ट्यात खूप जणांकडे असा एखादा तुकडा असतो, सातबाऱ्यावर पोटखराबा, वर मुरूम उघडा पडलेला, पाऊस जेमतेम 500 मिमी, आणि गावात कोणीतरी सांगतंच की झाडं लावा, हिरवं होईल. प्लीज लगेच खड्डे घेऊन गिरीपुष्प लावू नका. हा माळ म्हणजे तोडलेलं जंगल नाहीये, तो मुळातच गवताचा आहे, चिंकारा, लांडगा, धाविक आणि चंडोल हे पक्षी, हे सगळे त्या उघड्या गवतावरच जगतात. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात एक चक्कर मारा, लगेच पटेल.

सुरुवात मातीपासून. उतारावर वर, मध्ये आणि खाली ओघळीजवळ असे तीन खड्डे घ्या आणि मुरूम किती खोलीवर लागतो ते वहीत लिहा. एकाच एकरात वर 8 सेंमी आणि खाली 40 सेंमी असं सहज निघतं, म्हणून सगळीकडे एकच बी टाकून चालत नाही. उथळ मुरमाड जागी कुसळी आणि डोंगरी ही गवतं, जरा माती असेल तिथे पवना, खालच्या काळ्या मातीत मारवेल. मातीवर थोडं व्हिनेगर टाका, फसफसलं तर चुनखडी आहे.

मग पाणी किती मुरतं ते बघा, मला ही टेस्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. 15 सेंमी व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा हातोडीने थोडा जमिनीत ठोकायचा, आत 440 मिली पाणी ओतायचं (म्हणजे साधारण 25 मिमी पाऊस झाला) आणि मोबाइलवर वेळ लावायची. ते मुरलं की परत तेवढंच ओता, दुसरी वेळ धरायची, कारण कोरडी माती पहिलं पाणी पटकन ओढते. आमच्याकडे जुन्या गवताच्या ठोंबाशेजारी काही मिनिटांत मुरलं आणि तिथून चार पावलांवर पापडी धरलेल्या जागी अर्धा तास झाला तरी तसंच उभं होतं. अशा जागी कुदळीने फक्त पापडी फोडा, समपातळीत दगडांच्या ओळी लावा, वर बोरीच्या काट्या पसरा. जेसीबी नको, तो मुरूम वर आणतो आणि आहे ती माती गाडून टाकतो.

लॅबमधून माती परीक्षण जरूर करा, पण रिपोर्टमधली खताची शिफारस पिकासाठी असते. माळाला युरिया दिला की गाजर गवत माजतं आणि आपलं गवत मागे पडतं.

बी विकत घेऊ नका. ‘फुले मारवेल’ हे विकतचं सुधारित वाण चाऱ्याला चांगलं आहे, पण इथे जवळच्याच माळावरचं बी हवं. दिवाळीच्या आसपास पिकलेलं बी हाताने ओरबाडून घ्या, थोडं झाडावर राहू द्या, आणि कापडी पिशवीत ठेवा. पहिल्या वर्षी मी ताजंच बी टाकलं होतं, जवळजवळ काहीच उगवलं नाही, या गवतांचं बी काही महिने झोपलेलं असतं म्हणून पुढच्या जूनपर्यंत थांबायचं. कुसळीचं एक बी तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब टाका, त्याचं पिळलेलं काळपट कुसळ हळूहळू गोल फिरायला लागतं, पावसात ते असंच फिरत स्वतःला मातीत रुतवून घेतं. म्हणून बी खोल पुरायचं नाही, मातीत कालवून फेकायचं, वरून पायाने दाबलं तरी पुरे. मारवेलचे मुळांसकट ठोंब लावले तर जास्त खात्रीचं.

वेडी बाभूळ नुसती छाटली तर दुप्पट फुटते, बुंध्याखालची गाठ खणून काढावी लागते. हिवर, तरवड, नेपती ही इथलीच झाडंझुडपं आपोआप आली तर राहू द्या.

पहिले दोन पावसाळे चराई बंद. कुंपणापेक्षा दरवर्षी येणाऱ्या धनगर मंडळींशी आधीच बोला, कुठलं गवत पूर्वी कुठे होतं हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं, आणि बी पडून गेल्यावर मेंढ्या बसवायला त्यांनाच बोलवा. तीन खड्ड्यांच्या जागी खुंट्या ठोकून ठेवा, दरवर्षी पावसाळ्याआधी तिथेच पाइपची टेस्ट करायची आणि वेळ त्याच वहीत लिहायची.