आरोग्य परिषदेला जाताय? सत्रं निवडताना या चुका टाळा

खान्देशातून सार्वजनिक आरोग्याच्या परिषदेला जाणारे वैद्यकीय अधिकारी, सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) किंवा पीजीचे विद्यार्थी बहुतेक उद्घाटनाच्या सकाळी पोचतात. खरं शिकायला मिळतं ते आदल्या दिवशीच्या कार्यशाळेत. तिथे साथीचा तपास कसा करायचा, सर्वेक्षणाचा नमुना कसा काढायचा, हे हाताने करून घेतात. जागा मोजक्या असतात आणि बऱ्याचदा नोंदणीही वेगळी असते, म्हणून रजेच्या अर्जात तो दिवस आधीच धरा. दीपप्रज्वलन चुकलं तर काही बिघडत नाही.

दुसरी चूक म्हणजे वक्त्याचं नाव पाहून सत्र निवडणं. आधी आपल्या तालुक्याचा प्रश्न कागदावर लिहा, मग कार्यक्रमपत्रिका उघडा. नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यातल्या अक्कलकुवा-धडगावचा माणूस सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं सत्र शोधेल, भुसावळचा उष्माघाताचं. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान २०२३ मध्ये सुरू झालं, २०४७ हे लक्ष्य आहे, हे मुख्य सभागृहात ऐकायला मिळेल. पण ते तुम्हाला परिपत्रकातूनही कळतं. अडतं ते पुढेच. सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली, तरी माणूस वाहक (जनुक आहे, आजार नाही) आहे की रुग्ण हे तिच्यावरून कळत नाही, त्यासाठी एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली पक्की रक्ततपासणी लागते. तो अहवाल येईपर्यंत कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत गेलेलं असतं. मग त्यांना गाठायचं कसं? नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक, हे पावरी बोलणाऱ्या घरात कसं समजवायचं? याची उत्तरं छोट्या खोलीतल्या शोधनिबंधांत आणि संशोधन मांडणाऱ्या पोस्टरांपाशी सापडतात.

पोस्टरं नुसती पाहत फिरू नका. लेखक तिथे उभा राहण्याची वेळ छापलेली असते, तेव्हाच जा आणि विचारा : मनुष्यबळ किती लागलं? प्रकल्पाचा पैसा संपल्यावर काम चालू राहिलं का? टक्केवारीपेक्षा ही उत्तरं कामाची. अभय आणि राणी बंग यांच्या गटाचा गडचिरोलीतल्या घरपोच नवजात सेवेवरचा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला, पुढे तशाच भेटी देशभर आशाताईंच्या कामात आल्या. तेव्हा खेड्यातल्या कामाचं सत्र दुय्यम समजू नका.

दोन सत्रं एकाच वेळी आली तर? सोबतच्या सहकाऱ्याशी वाटणी करा आणि रात्री जेवताना टिपणं ताडून पाहा. एकटे असाल तर ज्याची स्लाइड नंतर मिळेल ते सोडा. सत्र निघालं कंटाळवाणं, तर दोन भाषणांच्या मधल्या वेळेत उठावं. त्यासाठी दाराजवळची खुर्ची पकडा, कोणी रागावत नाही. इंग्रजीचा संकोच वाटत असेल तर प्रश्न आधी चिठ्ठीवर लिहून न्या, किंवा वक्त्याला चहाच्या वेळी मराठी-हिंदीत गाठा. तिथे तो जास्त मोकळेपणाने बोलतो, अपयशाबद्दलसुद्धा.

किट-बॅग, औषध कंपन्यांचे स्टॉल : दहा मिनिटं, पुरे.

शेवटच्या दिवशी सकाळपासूनच अर्धं सभागृह गाडी पकडायला निघालेलं असतं. उरलेल्या पंधरा-वीस जणांत प्रश्नाला वेळ भरपूर मिळतो आणि वक्त्याचा नंबरही. जळगाव-भुसावळकडे गाड्यांची चणचण नाही. नंदुरबारकरांनी सुरत-भुसावळ मार्गाच्या वेळा आधी पाहाव्यात आणि परतीचं तिकीट संध्याकाळनंतरचंच काढावं.