कॉलेजसाठी छोटा, हलका लॅपटॉप कसा निवडायचा

कॉलेजचा लॅपटॉप म्हटलं की सगळे आधी प्रोसेसर कुठला ते विचारतात, पण रोज पाठीवर वागवायचं असतं ते वजन, आणि प्रत्येक लेक्चरला बाकाशेजारी प्लग मिळेलच असं नाही. म्हणून वजन, बॅटरी आणि रॅम या तीन गोष्टींवर अडून बसा, बाकी थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं.

आधी सीनियर्सना विचारून घ्या, कोर्सला कुठलं सॉफ्टवेअर लागतं. नोट्स, पीपीटी, ब्राउझर, थोडंफार कोडिंग एवढंच असेल तर सध्याचा कुठलाही साधा प्रोसेसर पुरतो. मेकॅनिकल, आर्किटेक्चरवाल्यांनी मात्र नीट बघा, सॉलिडवर्क्स आणि रेव्हिट ही डिझाइनची सॉफ्टवेअर मॅकवर थेट चालत नाहीत, त्यांना विंडोजच लागतं. स्नॅपड्रॅगनवाल्या विंडोज लॅपटॉपची बॅटरी मस्त टिकते पण ती एआरएम चिप असते, म्हणजे नेहमीच्या इंटेल-एएमडी प्रोसेसरपेक्षा वेगळ्या धाटणीची, मग एखादं जुनं सॉफ्टवेअर किंवा लॅबमधल्या उपकरणाचा ड्रायव्हर अडून बसतो, तेव्हा हे आधीच विचारलेलं बरं.

मग साइज. १३ किंवा १४ इंच, वजन १.४ किलोच्या आत. आणि वजन बघताना चार्जर धरूनच बघायचं, कारण जाहिरातीत फक्त लॅपटॉपचं वजन लिहिलेलं असतं. यूएसबी-सी पोर्टवरून चार्ज होणाराच घ्या, म्हणजे ६५ वॉटचा एक छोटा चार्जर लॅपटॉपलाही चालतो आणि फोनलाही. स्क्रीन शक्यतो १६:१० ची (रुंदी आणि उंचीचं प्रमाण) बघा, १९२०×१०८० ऐवजी १९२०×१२०० मिळतं, म्हणजे पीडीएफ वाचताना खाली दोन-चार ओळी जास्त दिसतात आणि सारखं स्क्रोल करावं लागत नाही, छोट्या स्क्रीनवर हा फरक खूप जाणवतो. पॅनल आयपीएस किंवा ओलेड, ब्राइटनेस निदान ३०० निट्स, नाहीतर खिडकीशेजारी बसलात की स्क्रीनवर स्वतःचाच चेहरा दिसतो.

बॅटरी '१५ तास चालते' वगैरे लिहिलेलं असतं त्याकडे बघूच नका, वॉट-अवरचा आकडा शोधा, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते तो. हिशोब सोपा आहे, बॅटरी ५० वॉट-अवरची आणि लॅपटॉप सरासरी ८ वॉट खात असेल तर साधारण सहा तास. व्हिडिओ कॉल, फुल ब्राइटनेस, वीस टॅब उघडे, असं असेल तर वॉट वाढतात आणि तास कमी होतात. शिवाय वापरून वापरून बॅटरीची क्षमता उतरतेच, तेव्हा नवा असताना जेमतेम दिवस काढणारा लॅपटॉप शेवटच्या वर्षाला दगा देणार हे धरून चाला.

रॅम १६ जीबीच घ्या. पातळ लॅपटॉपमध्ये ती बहुतेक वेळा बोर्डवर सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही, आणि '८ वर भागेल' म्हणून घेतलं तर पुढे काहीच करता येत नाही. स्टोरेजचं तसं नाही, एसएसडी बऱ्याच मॉडेल्समध्ये बदलता येते, ५१२ जीबी ठीक आहे. फक्त एसएसडीऐवजी ईएमएमसी (स्वस्त प्रकारचं स्टोरेज) लिहिलं असेल तर सोडून द्या, स्लो असतं ते.

आता हातात घेऊन बघायचं. कीबोर्डच्या मधोमध बोटाने दाबा, खाली वाकतोय का? एका कोपऱ्याला धरून उचला, करकरतोय का? बिजागरी घट्ट आहे का, की टेबल हलवलं की स्क्रीन डुलते? आणि नुसत्या दोन ओळी नाही, चांगला एक परिच्छेद टाइप करून बघा, चार वर्षं असाइनमेंट त्याच कीबोर्डवर करायच्या आहेत.

सेकंड हँड घेत असाल तर तो अधिकृतपणे विंडोज ११ चालवतो का हे आधी तपासा, कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या जनरेशनच्या खालचा नको. मग विकणाऱ्यासमोरच विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट काढा, त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आत्ता किती चार्ज धरते हे दोन्ही आकडे येतात, निम्म्यावर आलेली असेल तर नवीन बॅटरीचा खर्च किमतीतून कमी करून मागा, आणि तिथेच वायफाय, कॅमेरा, माइक, सगळे पोर्ट एकेक करून लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.