लॉगिन चालू असताना दुसऱ्या टॅबमधून होणारा हल्ला

तुम्ही एका साइटवर लॉगिन आहात आणि दुसऱ्या टॅबमध्ये भलतंच पान उघडलंत. त्या पानात लपवलेला फॉर्म पहिल्या साइटला परस्पर विनंती पाठवतो, ब्राउझर तुमची कुकी (तुम्ही लॉगिन आहात हे साइटला सांगणारी छोटी नोंद) सोबत जोडतो आणि सर्व्हरला वाटतं, हे तुम्हीच केलंत. हाच सीएसआरएफ (क्रॉस-साइट रिक्वेस्ट फोर्जरी, म्हणजे दुसऱ्या साइटवरून केलेली बनावट विनंती) हल्ला. यात पासवर्ड चोरावाच लागत नाही!

साइट बनवणाऱ्यांनी आधी हे बघा: पासवर्ड बदलणं, पैसे पाठवणं, खातं पुसणं, यातलं काहीही गेट विनंतीने, म्हणजे नुसती लिंक उघडल्यावर जाते तशा विनंतीने, होता कामा नये. सेमसाइट (दुसऱ्या साइटवरून आलेल्या विनंतीसोबत कुकी जावी का, हे ठरवणारी सेटिंग) न लिहिलेली कुकी क्रोम २०२० पासून लॅक्स, म्हणजे अशा बहुतेक विनंत्यांसोबत न जाणारी, धरू लागला, पण तेवढ्यावर विसंबू नका. बाहेरच्या साध्या लिंकवर क्लिक झालं तरी लॅक्स कुकी जातेच. म्हणून प्रत्येक फॉर्ममध्ये सत्राशी (वापरणाऱ्याच्या चालू लॉगिनशी) बांधलेलं, अंदाज न करता येणारं टोकन (गुप्त संकेत) ठेवा आणि ते सर्व्हरवर तपासा. जँगो आणि लाराव्हेल या साइट बनवायच्या तयार चौकटींमध्ये ही सोय तयारच असते. एखादा फॉर्म अडतोय म्हणून ती बंद करू नका, ही कळकळीची विनंती.

बाकीच्यांनी बँकेचं काम संपलं की लॉगआउट करावं. नुसता टॅब बंद केल्याने सत्र संपेलच असं नाही.