मुलाचा जनुकीय अहवाल ‘निगेटिव्ह’ आला, तर पुढे काय विचारावे

चिपळूण, लांजा किंवा कुडाळकडच्या एखाद्या घरात मूल तीन वर्षांचे होऊनही बोलत नाही, किंवा बोलू लागलेले मूल अचानक गप्प होते, तेव्हा जिल्हा रुग्णालयापासून मुंबईपर्यंतच्या फेऱ्या सुरू होतात आणि त्यांच्या अखेरीस कधी कधी एक जनुकीय अहवाल हाती पडतो. त्यावर ‘निगेटिव्ह’ असे लिहिलेले असले की पालक ‘जनुकांत काही दोष नाही’ असा अर्थ लावतात. वास्तविक त्याचा अर्थ एवढाच असतो की, ज्या जागी आणि ज्या पद्धतीने शोध घेतला, तेथे काही आढळले नाही. त्या पद्धतीतून निसटणाऱ्या दोषांपैकी एक प्रकार चल जनुकीय घटकांचा, म्हणजे ‘उड्या मारणाऱ्या जनुकां’चा आहे.

मक्याच्या दाण्यांवरील रंगांचे ठिपके अभ्यासताना बार्बरा मॅक्लिंटॉक यांना १९४० च्या दशकात हे घटक सापडले आणि त्यासाठी त्यांना १९८३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या जीनोमचा, म्हणजे पेशीतील संपूर्ण डीएनएचा, सुमारे ४५ टक्के भाग अशाच घटकांपासून बनलेला आहे. त्यांपैकी ‘लाइन-१’ या घटकाच्या सुमारे पाच लाख प्रती आपल्यात असल्या, तरी अजून हलू शकतील अशा प्रती ८० ते १०० च आहेत. गणपतीच्या दिवसांत भजनी मंडळाच्या वह्या एकमेकांवरून उतरवल्या जातात. समजा, एखाद्या अभंगाने स्वतःचीच नक्कल करून ती दुसऱ्या अभंगाच्या मधोमध घुसवली, तर पहिला अभंग जागच्या जागी शाबूत राहतो, पण दुसरा म्हणता येत नाही. लाइन-१ नेमके हेच करतो: आपली आरएनए प्रत काढतो, तिच्यावरून पुन्हा डीएनए तयार करतो आणि तो दुसरीकडे घुसवतो. ‘अलू’ नावाचा जेमतेम ३०० अक्षरांचा घटक (आपल्या परसातल्या अळूशी त्याचा काही संबंध नाही) लाइन-१ चीच यंत्रणा उसनी घेतो आणि तरीही त्याच्या प्रती दहा लाखांहून अधिक आहेत.

अहवाल वाचण्यापूर्वी एक भेद पक्का करावा. असा शिरकाव आईवडिलांकडून आला असेल, किंवा बीजपेशीत नव्याने झाला असेल, तर तो मुलाच्या सर्व पेशींत असतो आणि रक्ताच्या नमुन्यात सापडू शकतो. याउलट, गर्भातील मेंदू घडत असताना एखाद्या पेशीत झालेला शिरकाव त्या पेशीच्या वंशापुरताच राहतो, रक्तात दिसत नाही. अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ फ्रेड गेज यांच्या प्रयोगशाळेने २००५ मध्ये मज्जापेशींच्या (मेंदूतील चेतापेशींच्या) पूर्वज पेशींत लाइन-१ हलतो असे दाखवले, आणि २०१० मध्ये रेट सिंड्रोम या मेंदूच्या विकासाच्या आजाराला कारणीभूत असणारे एमईसीपी२ हे जनुक बिघडले की ही हालचाल वाढते असेही दिसून आले. मात्र अशा घटना एका मज्जापेशीत किती घडतात यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. एका गटाची मोजणी पेशीमागे एकाहून कमी आहे, तर दुसऱ्याची तेराच्या वर. म्हणून मुलाच्या रक्तावरून ‘मेंदूतील उड्या मारणारी जनुके’ मोजून देतो असे कोणी सांगितले, तर त्यासाठी पैसे देऊ नयेत. लाइन-१ ला रोखण्यासाठी म्हणून एचआयव्हीवरची औषधे स्वतःहून मुलाला देणे तर सरळ धोक्याचे आहे.

आता अहवालाकडे वळावे. पहिल्या पानावर चाचणीचे नाव असते. ‘एक्झोम’ (जनुकांतील प्रथिने घडवणारा भाग) असेल, तर जीनोमचा एक ते दोन टक्के भागच वाचलेला असतो, आणि तोही बहुधा सुमारे १५० अक्षरांच्या तुकड्यांत. अलू त्याहून लांब आणि त्याच्या प्रती सर्वत्र विखुरलेल्या, त्यामुळे मुद्दाम शोध घेतला नाही, तर असा शिरकाव नजरेतून सुटतो. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारावे: “विश्लेषणात चल घटकांचा शिरकाव तपासला होता का?” मात्र हा प्रश्न पहिला नसावा. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका अभ्यासात ९,७३८ कुटुंबांच्या तपासणीत असे नवे शिरकाव फक्त नऊ आढळले आणि त्यांतले चारच आजाराचे संभाव्य कारण ठरले. त्याआधी मायक्रोॲरे (गुणसूत्रांचे तुकडे गहाळ किंवा जादा आहेत का, हे पाहणारी चाचणी) झाली का आणि फ्रॅजाइल एक्स या बौद्धिक विकासावर परिणाम करणाऱ्या आनुवंशिक आजाराची स्वतंत्र चाचणी झाली का, हे विचारणे अधिक फलदायी असते.

एका परिस्थितीत मात्र आग्रह धरावा. मुलाची लक्षणे एखाद्या अप्रभावी आजाराशी जुळत असतील, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्याशिवाय जो होत नाही अशा आजाराशी, आणि अहवालात एकच बिघाड दिसत असेल, तर दुसरा शोधण्यासाठी संपूर्ण जीनोम वाचता येईल का, हे विचारावे. बोस्टनमध्ये मेंदूचा ऱ्हास होणाऱ्या एका मुलीत एमएफएसडी८ जनुकातला दुसरा बिघाड असाच सापडला. तो ‘एसव्हीए’ या चल घटकाचा शिरकाव होता, आणि त्यावर बेतलेले मिलासेन हे औषध केवळ तिच्यासाठी तयार करण्यात आले.

शिरकाव नवा की वारशाने आलेला, हे ठरवण्यासाठी आईवडील दोघांचेही नमुने लागतात. वडील मुंबईत नोकरीला किंवा जहाजावर असतील, तर ते गणपतीला गावी येतात तेव्हाच नमुना देण्याचे ठरवावे. प्रयोगशाळेकडून मूळ डेटाची फाइल मागून घ्यावी आणि एक-दोन वर्षांनी तिचे पुनर्विश्लेषण करता येईल का, हे आधीच विचारून ठेवावे. पुढच्या अपत्याचा विचार असेल, तर जनुकीय समुपदेशकाला भेटावे: दोष अप्रभावी असून आईवडील दोघेही वाहक (प्रत्येकी एक बिघडलेली प्रत असलेले) असतील, तर प्रत्येक गर्भारपणी धोका २५ टक्के असतो, शिरकाव नवा असेल, तर तो बराच कमी असतो, पण शून्य नसतो.

या सगळ्याला महिने लागतात. तोवर वाचोपचार, श्रवणचाचणी आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रातील उपचार थांबवू नयेत. ते सुरू करण्यासाठी जनुकीय निदानाची अट नसते.